काचेतल्या समुद्राची थकबाकी

दिवाणखान्यात मासे पाळण्याची हौस नांदेड-लातूरच्या व्यापारी घरांना नवी नाही. नवी आहे ती खाऱ्या पाण्याची पेटी. निळसर प्रकाश, सच्छिद्र खडक, त्यांवर उमललेली प्रवाळे आणि मधून फिरणारे नारिंगी-पांढरे मासे असा तिचा थाट असतो. पहिले काही आठवडे ती घरादाराला सुखावते. मग काचेवर तपकिरी थर धरतो, खडकांवर हिरवे केस उगवतात आणि दुकानातून शेवाळ मारण्याची बाटली घरी येते. बाटलीने शेवाळ मरतेही. परंतु महिन्याभरात ते पुन्हा उगवते आणि प्रवाळ मात्र मिटलेलेच राहते.

ज्याला रोग समजून औषध दिले जाते, ती वस्तुतः खतावणीत दिसू लागलेली थकबाकी असते. पेटीत पडलेल्या अन्नातील नायट्रोजन आणि फॉस्फरस कोठेही नाहीसे होत नाहीत. विष्ठेचा आणि उरल्या अन्नाचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि त्यापुढे नायट्रेट. तेथे तो साठत राहतो आणि शेवाळाचे खत बनतो. मारलेले शेवाळही पेटीतच कुजले, तर तीच रक्कम पुन्हा जमेस लागते. म्हणून शेवाळ हाताने उपटून पेटीबाहेर काढणे हा, दिसायला गावंढळ वाटला तरी, बाटलीहून खरा उपाय आहे.

यात गणित साधे आहे. समजा, पेटीत आठवड्याला नायट्रेटची ५ एककांची भर पडते आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले जाते. बदलाबरोबर साठ्याचा दहावा भागच बाहेर जातो. त्यामुळे पातळी चढत चढत ५० च्या आसपास स्थिरावते, कारण ५० चा दहावा भाग म्हणजे ५. याहून खाली ती या पद्धतीने कधीच येणार नाही. पाणीबदल २० टक्के केला तर ती २५ वर येते. आणि पाणीबदल तोच ठेवून खाणे निम्मे केले तरीही २५ वरच येते. पहिल्या मार्गाला दुप्पट पाणी आणि दुप्पट मीठ लागते, दुसऱ्याला काहीच लागत नाही. तरीही बहुतेक घरांत पहिलाच मार्ग धरला जातो, कारण पाहुण्यांच्या मुलांना माशांना खाऊ घालण्याची गंमत हवी असते.

चाचणीच्या संचात फॉस्फेट शून्य दिसते आणि खडक मात्र हिरवेगार असतात, याचे अनेकांना नवल वाटते. पाण्यात उतरलेले फॉस्फेट शेवाळच लगोलग उचलते, म्हणून चाचणीला ते सापडत नाही. शिवाय चुनखडीचे खडक फॉस्फेट शोषून ठेवतात आणि पाणी स्वच्छ होताच हळूहळू परत सोडतात. जुने येणे-देणे असे महिनोन्महिने चालते. म्हणून सुधारणेला तीन-चार महिने द्यावे लागतात. उलट, उतावीळपणे दोन्ही क्षार खरोखरच शून्यावर आणले तर डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, बुडबुडेदार तपकिरी संकट उभे राहते आणि ते साध्या शेवाळाहून चिवट असते. नायट्रेट प्रतिलिटर २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम एवढी शिल्लक असावीच. प्रवाळालाही ती लागते. प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते आणि बहुतेक अन्न तेच त्याला पुरवते. खत वाढले की हे आतले शैवालही माजते आणि रंगीत प्रवाळ तपकिरी पडते. पाणी तापले की प्रवाळ त्याला बाहेर टाकते, पांढरे पडते आणि उपाशी राहते.

मराठवाड्यात या हिशेबाची पहिली नोंद अन्नाच्याही आधी होते, ती पाण्याची. काळ्या बेसाल्टमधून येणारे कूपनलिकेचे पाणी कठीण असते आणि त्यात सिलिकाही असते. काचेवरचा पहिला तपकिरी थर डायाटमचा, आणि सिलिका हेच त्याचे खाद्य. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणसासाठी उत्तीर्ण झालेले पाणी प्रवाळासाठी पहिल्याच दिवशी कर्जबाजारी असू शकते. त्यामुळे आरओ आणि त्यापुढे आयन-विनिमयाचा गाळप लागतोच. ३०० लिटरच्या पेटीला या शुद्ध पाण्यात दहा-अकरा किलो समुद्री मीठ विरघळवावे लागते. बाष्पीभवनाची तूट मात्र नुसत्या शुद्ध पाण्यानेच भरावी, कारण मीठ उडून जात नाही.

घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी सोडून देते. उन्हाळ्यात पेटीला आठवड्याला ५० लिटर लागले तर दीडशे लिटर असे बाहेर जाते. ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी रेल्वेने आणावे लागले, त्या शहरात हे पाणी मोरीत सोडून देणे शोभत नाही. ते टाकीत धरून फरशी आणि भांडी धुण्यास वापरता येते. तेवढी सोय जागेअभावी होणार नसेल, तर गोड्या पाण्याची पेटी बरी.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि प्रवाळाला पाणी २५-२६ अंशांवर हवे असते. पंख्याच्या वाऱ्याने दोन-तीन अंश उतरतात. बाकीचे काम शीतयंत्राचे. वीज गेल्यावर निदान पाणी हलविणारा पंप तरी इन्व्हर्टरवर असावा, अन्यथा काही तासांतच प्राणवायू संपू लागतो.

दुकानदार शेवाळावर उपाय म्हणून डझनभर समुद्री गोगलगायी देतो. त्या कामही चोख करतात. परंतु शेवाळ संपले की त्यांचे अन्न संपते आणि त्या उपासमारीने मरतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात ही गोष्ट आधीच विचारात घ्यायला हवी. पाच-सहा आणाव्यात आणि शेवाळ सरले की त्यांना समुद्री शेवाळाच्या वाळलेल्या पट्ट्या द्याव्यात. माशांपैकीही अनेक जाती गोठविलेल्या सूक्ष्म कोळंबीवर जगतात. त्या घरात आणायच्या की नाहीत, हे विकत घेण्यापूर्वी ठरवावे.

आणि प्रवाळ विकत घेण्यापूर्वी कायदा पाहावा. भित्ती बांधणारी खडकाळ प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्यांसंबंधीच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे. आपल्याच सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात अशी प्रवाळे आहेत आणि १९८७ पासून तेथे मालवण सागरी अभयारण्य आहे. अंगठीतील तांबडे पोवळे ही वेगळी जात. सराफ कुटुंबांनी दोहोंची गल्लत करू नये. दुकानात ‘परदेशी माल’ म्हणून दाखविलेल्या तुकड्याचे शास्त्रीय नाव विचारावे आणि ते नाव लिहिलेले पक्के बिल मागावे. नाव सांगता येत नसेल, तर कृत्रिम खडक आणि मासे एवढ्यावरच पेटी सजवावी. तशा पेटीतही शेवाळाचे गणित हेच राहते, फक्त चूक झाल्यास पणाला लागणारे जीव कमी असतात.