घरी जोडलेले पिस्तूल आणि मधली पाच मिनिटे

जुन्या बाजारातून एकेक भाग गोळा करून जावा किंवा येझदी पुन्हा उभी करणारी माणसे पुण्या-कोल्हापुरात आजही भेटतात. टाकी एकीकडची, मडगार्ड दुसरीकडचे, कार्ब्युरेटर कुणा मेकॅनिकच्या माळ्यावरून आणलेला. सहा महिन्यांच्या खटाटोपानंतर गाडी किकला सुरू झाली की त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. अमेरिकेत अनेक जण हाच आनंद पिस्तूल जोडताना घेतात. नळी एका कंपनीची, वरचा सरकता भाग दुसऱ्या कंपनीचा, चाप तिसऱ्याचा आणि मूठ आपल्या पंजाच्या मापाची. आपल्याला हे ऐकूनच दचकायला होते. पण तिथे तो छंद आहे, आणि तो करणारे बहुतेक जण कायदा पाळणारे, हाताने काम करण्याची आवड असलेले लोक आहेत. त्यांची टिंगल करून किंवा त्यांना गुन्हेगार ठरवून या विषयातले काहीच समजणार नाही.

प्रश्न आहे तो आरोग्याचा. घरात पिस्तूल तयार होते, तेव्हा त्या घरातल्या माणसांच्या जिवाला असलेला धोका किती वाढतो? आणि तो कशामुळे वाढतो?

आधी थोडे तंत्र आणि थोडा कायदा. जावा कितीही जुन्या भागांतून जोडली, तरी तिला चासी नंबर लागतो. त्या नंबरावर आरटीओत नोंद होते. पिस्तुलातही अशी एक 'चासी' असते. तिला फ्रेम म्हणतात. बाकीचे सगळे भाग तिच्यावर बसतात. अमेरिकी कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे मुख्यतः हीच चौकट. नंबर तिच्यावर कोरलेला असतो. परवानाधारक दुकानातून ती विकत घेताना ग्राहकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. नळी, स्प्रिंग, चाप हे भाग मात्र स्कूटरच्या सुट्या भागांसारखे सहज विकत मिळतात. अशी नंबर असलेली चौकट रीतसर घेऊन तिच्यावर आपल्या पसंतीचे भाग बसवणाऱ्याची नोंद कुठे तरी असतेच.

पळवाट निघाली ती चौकटीतच. १९६८च्या कायद्याने बंदुका बनवून विकणाऱ्यांना परवाना आणि नंबर सक्तीचा केला; पण स्वतःपुरती बंदूक बनवणाऱ्याला त्या देशाच्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. मग अर्धवट तयार चौकटी बाजारात आल्या. 'ही अजून बंदूक नाही, हा तर नुसता प्लॅस्टिकचा तुकडा,' असे म्हणत त्या संचासकट घरपोच जाऊ लागल्या. नंबर नाही, तपासणी नाही, नोंद नाही. त्यांना नाव पडले 'घोस्ट गन', म्हणजे भुताची बंदूक. कारण गुन्ह्याच्या जागी ती सापडली, तरी ती कुठून आली याचा माग लागत नाही. तपासात सापडलेल्या अशा घरगुती बनावटीच्या बंदुकांची अमेरिकी सरकारकडे झालेली नोंद २०१७मध्ये सुमारे १,६०० होती. २०२३मध्ये ती २७,०००च्या पुढे गेली.

यातला एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा येथील सॉगस हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने आपल्या सोळाव्या वाढदिवशी दोन सहाध्यायींचा जीव घेतला आणि मग स्वतःवर गोळी झाडली. हे पिस्तूल अशाच संचातून जोडलेले होते. सोळा वर्षांच्या मुलाला कुठल्याही दुकानदाराने पिस्तूल विकले नसते.

२०२२मध्ये तिथल्या सरकारने नियम केला, की सहज बंदूक बनू शकेल असा संच ही बंदूकच समजली जाईल. त्यावर नंबर हवा, विक्रेत्याला परवाना हवा, ग्राहकाची तपासणी हवी. त्याविरुद्ध खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने नियम उचलून धरला. हा निकाल योग्यच होता असे माझे मत आहे. पण माझे कारण पोलिसांच्या तपासापेक्षा वेगळे आहे.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. यातला निम्म्याहून अधिक वाटा आत्महत्यांचा होता, खुनांचा नव्हे. सिनेमा आणि बातम्या पाहून आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो दरोडेखोर किंवा माथेफिरू. आकडे मात्र सांगतात, की बंदुकीचा सर्वांत मोठा धोका तिच्या मालकाला आणि त्याच्या घरच्यांना असतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०२०साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांची बारा वर्षांची माहिती तपासली गेली. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या जवळजवळ आठपट निघाले. स्त्रियांमध्ये ते पस्तीसपट होते.

'ज्याला मरायचेच आहे तो दुसरा मार्ग शोधतो,' असे आपण सहज म्हणून जातो. विज्ञान तसे म्हणत नाही. ह्यूस्टनमध्ये १३ ते ३४ वयाच्या, आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या १५३ जणांशी संशोधक बोलले. त्यांतल्या जवळजवळ एकचतुर्थांश जणांनी सांगितले, की निर्णय आणि कृती यांच्यामध्ये पाच मिनिटेही गेली नव्हती. लाट येते आणि बहुतेक वेळा ओसरते. त्या पाच मिनिटांत हाताशी काय आहे, यावर सगळे ठरते. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळजवळ नऊ जीव घेतात. आणि एकदा वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

इस्रायलच्या सैन्याने २००६मध्ये एक साधा बदल केला. आठवड्याच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी बंदूक तळावरच ठेवायची. सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. सैनिकांचे मन बदलले नव्हते, घरातली बंदूक तेवढी गेली होती.

महाराष्ट्राला हा धडा परका वाटू नये. आपल्याकडे जी जागा कीटकनाशकाच्या बाटलीची, ती तिथे पिस्तुलाची. श्रीलंकेने १९९०च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, तेव्हा पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. माणसांची दुःखे काही निम्मी झाली नव्हती. दारिद्र्य होते, युद्धही चालूच होते. पण त्या एका क्षणी हाताशी असलेले साधन कमी जीवघेणे झाले होते.

आता घरी जोडायच्या पिस्तुलाकडे पुन्हा बघा. दुकान, अर्ज, तपासणी, काही राज्यांत सक्तीची प्रतीक्षा या सगळ्याला छंदिष्ट माणूस कटकट समजतो. आरोग्याच्या दृष्टीने ही कटकट म्हणजे अडथळ्यांची मालिका आहे, आणि तीच वेळ मिळवून देते. प्रतीक्षेचा कालावधी असलेल्या राज्यांत बंदुकीने होणारे खून सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतात, असा निष्कर्ष २०१७मधल्या एका अभ्यासाने काढला. बिननंबरी संच हे सगळे अडथळे एकदम काढून टाकतो.

तांत्रिक धोकाही विसरण्यासारखा नाही. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३२ पौंड हवा असते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात गोळी सुटताना नळीच्या मागच्या भागात त्याच मापाने ३५,००० पौंडांपर्यंत दाब तयार होतो, म्हणजे टायरच्या हजारपट. आणि तो हातापासून काही बोटांवर, डोळ्यांसमोर. नावाजलेले कारखाने जादा दाबाची काडतुसे उडवून नळी तपासतात आणि खाली पडल्यावर पिस्तूल आपोआप उडत नाही ना, हे पाहतात. घरच्या टेबलावर अशी तपासणी होत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : ठरवलेला माणूस कसेही करून बंदूक बनवतोच. हे खरे आहे. जपानसारख्या कडक कायद्याच्या देशात जुलै २०२२मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या घरी बनवलेल्या बंदुकीनेच झाली. पण महिनोन् महिने तयारी करणारा असा माणूस विरळा. संतापाच्या किंवा निराशेच्या भरात असलेली माणसे मात्र रोजची आहेत. अडथळा उपयोगी पडतो तो त्यांच्यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नंबर कोरला म्हणून पिस्तूल घरात सुरक्षित होते का? नाही. कॅलिफोर्नियाच्या त्याच अभ्यासात पिस्तूल बाळगणाऱ्यांच्या अशा आत्महत्यांपैकी निम्म्याहून अधिक पिस्तूल घेतल्यानंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा झाल्या होत्या. सुरुवातीची तपासणी हा पहिला दरवाजा. पिस्तूल रिकामे करून कुलपात ठेवणे, काडतुसे वेगळी ठेवणे आणि घरात कुणी निराशेत असेल तर शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवणे, हा दुसरा. दोन्ही लागतात.

आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा शस्त्रांच्या सुट्या भागांनाही शस्त्रच मानतो. विनापरवाना शस्त्र बनवल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तरीही गावठी कट्टा पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण भाग मोकळे आणि चौकट कायद्यात, अशी फट आपल्या कायद्यात नाही, आणि ती कधी पडू देऊ नये.

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात, की मूल मित्राच्या घरी खेळायला जाणार असेल तर 'घरात बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे का?' हे आधी विचारा. कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, हे विचारतो तसेच. त्यात संकोच नको. इथे शेतीच्या घरांनी हाच प्रश्न औषधाच्या बाटलीबद्दल स्वतःला विचारावा : ती कुलपात आहे का, आणि किल्ली कुणाकडे आहे?

तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. अमेरिकेत त्यासाठी ९८८ हा क्रमांक आहे. ती पाच मिनिटे एकट्याने काढावी लागू नयेत.