घरी किती पोचले?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. बेसबॉलच्या एका डावात एखाद्या संघानं जास्तीत जास्त किती हिट मारले, तरी त्याच्या नावावर एकही धाव लागणार नाही? उत्तर शेवटी दिलंय, पण लगेच तिकडे डोकावू नका बरं का! आई-बाबांनाही विचारून बघा. बहुतेक जण बोटं मोजून 'तीन' म्हणतील. तीन नाही.

आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. क्रिकेटमध्ये चेंडू सीमेपार गेला की चार धावा फलकावर लागल्याच. पुढचा गडी पहिल्याच चेंडूवर बाद होवो, त्या चार धावा कोणी परत मागत नाही. बेसबॉलचा हिशेब निराळा. तिथे चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. फलंदाज ज्या कोपऱ्यावर उभा राहून मारतो, त्याचं नाव 'होम', म्हणजे चक्क घर! चेंडू मारून तो पहिल्या बेसवर सुखरूप पोचला की झाला हिट. पण धाव? छे, ती अजून लांब आहे. पहिला, दुसरा, तिसरा बेस करत तो पुन्हा घरी आला तरच एक धाव.

बरं, वेळ तरी किती? तीन जण बाद झाले की डाव संपला. असे प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. तिसरा गडी बाद झाला त्या क्षणी जे बेसवर उभे असतील, ते गुपचूप बाकावर जाऊन बसतात. पुढच्या डावात पुन्हा पाटी कोरी. ल्युडोत सोंगटी घराच्या तोंडाशी आली असताना आईनं पट गुंडाळून ठेवावा, तसंच!

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका संघानं नऊही डावांत दोन-दोन साधे हिट मारले आणि बाकीचे तीन फलंदाज चेंडूला न शिवता बाद झाले. हिट झाले १८. धावा? शून्य! कारण दर वेळी एक जण दुसऱ्या बेसवर आणि एक जण पहिल्या बेसवर ताटकळत राहिला. समोरच्या संघानं आठ डावांत काहीच केलं नाही. पण एका डावात तीन साधे हिट ओळीनं मारले, तीन बेस भरले आणि चौथ्यानं चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. होमरन! चौघेही घरी. चार हिट, चार धावा, सामना खिशात. हिट एकापाठोपाठ आले की त्यांची किंमत वाढते, विखुरले की ते वाया जातात. शिवाय हिटच्या रकान्यात साधा हिटही एक आणि होमरनही एकच.

हे नुसतं कागदावरचं नाही बरं. अमेरिकेत 'वर्ल्ड सीरीज' नावाची अंतिम लढत होते. सात सामन्यांपैकी चार जिंकणारा विजेता. १९६० साली न्यूयॉर्क यांकीज आणि पिट्सबर्ग पायरेट्स समोरासमोर आले. पहिल्याच सामन्यात यांकीजनं १३ हिट मारले, पायरेट्सनं ८. निकाल? पायरेट्स ६, यांकीज ४! मग यांकीज चवताळले. त्यांनी तीन सामने जिंकले ते १६-३, १०-० आणि १२-० असे. पण बाकीचे तीन पायरेट्सनं थोडक्यात मारले आणि सातव्या सामन्यात बिल मॅझरॉस्कीनं शेवटच्या डावात होमरन ठोकून १०-९ असा विजय मिळवला. सातही सामन्यांची बेरीज पाहा : हिट यांकीज ९१, पायरेट्स ६०. धावा ५५ विरुद्ध २७. आणि करंडक पायरेट्सकडे! सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र हरलेल्या यांकीजच्या बॉबी रिचर्डसनला मिळाला. त्याला हसावं की रडावं, कळलं नसेल.

आता याहून अजब गोष्ट. एकही हिट न मारता धावा होतील का? होतात! पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, चार चेंडू भलतीकडे टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला 'वॉक' म्हणतात. क्षेत्ररक्षकानं गोंधळ घातला तरी पुढे जाता येतं. दोन्हींपैकी एकही हिटमध्ये धरत नाहीत. २२ एप्रिल १९५९ ला शिकागो व्हाइट सॉक्सनं कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच डावात ११ धावा केल्या. हिट किती? फक्त एक! दहा वॉक मिळाले, एकाला चेंडू लागला म्हणून बेस मिळाला आणि समोरच्यांनी तीन चुका केल्या.

पण मला सर्वांत वाईट वाटतं ते अँडी हॉकिन्सचं. १ जुलै १९९० ला हा यांकीजचा पिचर त्याच व्हाइट सॉक्सविरुद्ध खेळत होता. सात डाव झाले, कोणाची धाव नाही आणि व्हाइट सॉक्सला एकही हिट नाही. आठव्या डावात त्यानं दोघांना बाद केलं. मग सॅमी सोसाचा साधा चेंडू तिसऱ्या बेसजवळच्या खेळाडूला नीट आवरता आला नाही. पुढच्या दोघांना हॉकिन्सनं वॉक दिले. तीनही बेस भरले. पुढच्यानं चेंडू उंच मारला, वारा सुटला होता, झेल हातातून निसटला आणि तिघे घरी! लगेच दुसरा झेल सुटला, चौथा घरी. व्हाइट सॉक्स जिंकले ४-०, तेही हिट न मारता! हॉकिन्सच्या नशिबी एवढंच नव्हतं. व्हाइट सॉक्स पुढे असल्यानं त्यांना नववा डाव खेळायची गरजच पडली नाही, म्हणून त्यानं आठच डाव टाकले होते. १९९१ मध्ये नियम झाला की निदान नऊ डाव टाकले तरच 'नो-हिटर' धरायचा. एकही हिट न देता सामना पुरा करणं ही पिचरची मोठी कमाई. त्या यादीतून त्याचं नाव उडालं.

मग संघ किती धावा करेल, हे ओळखायचं कसं? बिल जेम्स नावाच्या गृहस्थानं यावर डोकं चालवलं. तो रात्री एका कारखान्यात पहारेकरी होता आणि त्या शांत वेळात बेसबॉलचे आकडे घेऊन बसायचा! त्यानं सूत्र मांडलं : हिट आणि वॉक यांची बेरीज करा, तिला फटक्यांतून मिळालेल्या एकूण बेसनी गुणा (साध्या हिटचा १ बेस, होमरनचे ४) आणि फलंदाजीच्या एकूण संधींनी भागा.

एका संघाचे १० हिट, सगळे साधे, वॉक २, संधी ३६. म्हणजे १२ गुणिले १० भागिले ३६, सुमारे ३ धावा. दुसऱ्याचे हिट ७ : चार साधे, एक दोन बेसचा, दोन होमरन. बेस झाले १४. वॉक ५, संधी ३६च. १२ गुणिले १४ भागिले ३६, जवळजवळ ५ धावा! सातवाले पुढे, दहावाले मागे. सूत्रात बेरजेऐवजी गुणाकार का, हे माझ्या मते यातलं सर्वांत छान आहे. बेसवर माणसं हवीत आणि त्यांना पुढे ढकलणारे फटकेही हवेत. दोन्हींपैकी एक शून्य झालं की गुणाकारही शून्य!

हां, ते कोडं. उत्तर आहे सहा! पहिल्यानं तीन बेसचा फटका मारला आणि घर गाठायच्या घाईत बाद झाला. दुसऱ्यानंही तसाच फटका मारला, तसाच अधाशीपणा केला आणि तोही बाद. पुढच्या तिघांनी एकेक साधा हिट मारला, बेस भरले, घरी कोणीच नाही. पाच हिट झाले. सहाव्यानं चेंडू मारला आणि तो आपल्याच धावणाऱ्या गड्याला लागला. नियमाप्रमाणे तो गडी बाद, डाव संपला, पण मारणाऱ्याच्या नावावर हिट लागतो! विश्वास बसत नसेल तर अंगणात चार खडे मांडा आणि खेळून बघा.