रक्तपरीक्षेचा कागद कसा वाचावा

मातीच्या परीक्षेकरितां नमुना कसा घ्यावा, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. बांधाजवळची, उकिरड्याच्या जागेची, झाडाखालची किंवा नुकतेंच खत टाकलेल्या जागेची माती घ्यावयाची नाहीं. शेतांत नागमोडी चालत ठिकठिकाणीं वीतभर खोल खड्डे घेऊन सर्व माती एकत्र करावयाची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावयाचे, आणि शेवटीं उरलेली अर्धा किलो माती पिशवींत भरून तिजबरोबर मागील पीक, पुढील पीक व जमिनीचा प्रकार लिहून पाठवावयाचा. ही माहिती सोबत नसेल तर प्रयोगशाळेचे आंकडे खरे असूनहि निरुपयोगी ठरतात. आश्चर्य असें कीं, मातीविषयीं इतकी काळजी घेणारा शेतकरी स्वतःचें किंवा मुलाचें रक्त देतांना कांहींच विचारीत नाहीं, आणि परत येणारा छापील कागद मात्र प्रमाण मानून घरांतील स्वयंपाक बदलून टाकतो.

हें लिहिण्यास कारण असें कीं, अलीकडे तालुक्याच्या गांवीं बाजाराच्या दिवशीं रक्ततपासणीचीं शिबिरें भरूं लागलीं आहेत, आणि आपल्या संघाच्या सभागृहांतहि असें एक शिबिर भरवावें अशी सूचना कांहीं सभासदांनीं केली आहे. या शिबिरांत दोन तपासण्यांचा विशेष गाजावाजा असतो. एक हॉर्मोनांची, म्हणजे शरीरांतील ग्रंथींतून थेट रक्तांत उतरणाऱ्या स्रावांची. दुसरी 'अन्नाच्या अ‍ॅलर्जी'ची. दोहोंच्या मागें खरें शास्त्र आहे, याविषयीं शंका नको. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तपासणी म्हणजे रोग्याची हकीकत ऐकून डॉक्टरानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर होय. प्रश्नच कोणीं विचारला नसेल, तर तें उत्तर कशाचें समजावयाचें?

हॉर्मोन मोजण्याची विद्या मोठी कौतुकास्पद आहे. उपाशी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तांत इन्सुलिन असतें तें ग्रॅमच्या अब्जांशाहूनहि कमी. इतकी सूक्ष्म वस्तु तराजूनें तोलतां येत नाहीं. अमेरिकेंतील रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन या दोघांनीं १९५९ सालीं किरणोत्सारी आयोडिनाची खूण लावलेलें इन्सुलिन आणि त्यास नेमके पकडणारे प्रतिपिंड यांच्या साहाय्यानें तें मोजण्याची रीति प्रसिद्ध केली. त्याबद्दल यालोबाईंस १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बर्सन १९७२ सालींच वारले होते. हल्लीं किरणोत्सारी द्रव्याऐवजीं बहुधा प्रकाश देणारीं रसायनें वापरतात, परंतु प्रतिपिंडानें पकडून मोजावयाचें हें मूळ तत्त्व कायम आहे. म्हणूनच त्या पकडण्यांत अडथळा आणणारी वस्तु रक्तांत असली कीं आंकडा फसवा येतो. केस व नखें यांकरितां विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत बायोटिन नांवाचें जीवनसत्त्व पुष्कळ असतें. त्यानें थायरॉईडच्या व इतर तपासण्या चुकूं शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१७ सालीं दिला. रक्त घेणाऱ्यानें आपणांस 'कोणत्या गोळ्या चालू आहेत' असें शेवटचें केव्हां विचारलें, तें वाचकांनीं आठवून पाहावें.

कागदावर आंकड्याशेजारीं 'सामान्य मर्यादा' छापलेली असते. ती निसर्गानें घातलेली हद्द नव्हे. निरोगी माणसांचें रक्त तपासून त्यांतील मधल्या शेंकडा ९५ जणांचे आंकडे ज्या दोन टोकांमध्यें बसतात, तीं टोकें बहुधा मर्यादा म्हणून घेतात. अर्थात् शेंकडा ५ धडधाकट माणसें त्या हद्दीबाहेर राहणारच. एकाच निरोगी माणसाच्या वीस स्वतंत्र तपासण्या केल्या, तर निदान एक आंकडा हद्दीबाहेर जाण्याचा संभव हिशेबानें शेंकडा ६४ होतो. साठ-सत्तर तपासण्यांचें 'पॅकेज' घेऊन एकहि लाल आंकडा आला नाहीं, तर तेंच नवल!

थायरॉईडचें उदाहरण घेऊं, कारण शिबिरांत अधिकांत अधिक माणसें याच आंकड्यानें घाबरतात. गळ्यांतील या ग्रंथीस काम करावयास लावणारा टी. एस्. एच्. हा हॉर्मोन मेंदूखालच्या ग्रंथींतून येतो. ग्रंथि मंदावली कीं तो वाढतो. प्रौढांत त्याची मर्यादा साधारण ०.४ ते ४ धरतात. परंतु तो रात्रीं व पहांटे अधिक आणि दुपारीं कमी असतो, मोठ्या आजारांत बदलतो, गर्भारपणांत त्याची मर्यादा निराळी असते, आणि वयाबरोबर थोडा वाढतो. सत्तरीच्या म्हाताऱ्यास कांहीं त्रास नाहीं, ग्रंथीचा स्वतःचा स्राव ठीक आहे, फक्त टी. एस्. एच्. ६ आला, एवढ्यावरून जन्मभराची गोळी सुरू करणें हें योग्य नव्हे. कांहीं महिन्यांनीं पुन्हां पाहिल्यास पुष्कळांचा आंकडा आपोआप हद्दींत आलेला आढळतो. पासष्टीपुढील अशाच ७३७ माणसांवर युरोपांत केलेला प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. गोळीनें आंकडा सुधारला, माणसांच्या तक्रारींत फरक पडला नाहीं. उलट गोळी अधिक झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होणें व हाडें ठिसूळ होणें हे धोके आहेत. मात्र हें वाचून कोणीं चालू असलेली गोळी स्वतःच्या मतानें बंद करूं नये. तो याहून मोठा अविचार होईल.

हीच तपासणी नवजात अर्भकाच्या बाबतींत अमोल आहे. जन्मतः थायरॉईड नसलेलें किंवा मंद असलेलें मूल दिसावयास बहुधा निरोगीच असतें, आणि वेळेवर औषध न मिळाल्यास त्याची बुद्धि कायमची खुंटते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनीं टांचेच्या रक्ताचे थेंब तपासले आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालें, तर तें इतरांसारखें वाढतें. बाळंतपणासाठीं दवाखान्यांत गेलेल्या लेकी-सुनेच्या बाळाची ही तपासणी आग्रहानें मागून घ्यावी. आजोबांचें पॅकेज एक वर्ष राहिलें तरी चालेल.

वेळेचें महत्त्व इतर हॉर्मोनांतहि आहे. कॉर्टिसोल सकाळीं भरपूर व मध्यरात्रीं अगदीं थोडें असतें. पुरुषांचें टेस्टोस्टेरॉन सकाळीं घेऊन, कमी आल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां घेऊन मगच बोलावयाचें असतें. दुपारीं तीन वाजतां मंडपांत घेतलेल्या रक्तावरून यांविषयीं निर्णय सांगणें म्हणजे उन्हाळ्यांत विहिरीचा तळ पाहून पावसाळ्यांतील पाणी सांगणें होय.

आतां अ‍ॅलर्जीकडे वळूं. गाईस कृत्रिम रेतन केल्यावर २१ ते २४ दिवसांनीं दुधांतील प्रोजेस्टेरॉन हें हॉर्मोन तपासतां येतें. तें कमी असेल तर गाय गाभण नाहीं, हें जवळजवळ निश्चित. अधिक असेल तर ती गाभण असण्याचा संभव आहे, इतकेंच. पुढें डॉक्टरानें हात घालून पाहिल्यावरच खरें. म्हणजे एकच तपासणी 'नाहीं' ठामपणें सांगते, पण 'होय' कचरत सांगते. अन्नाच्या अ‍ॅलर्जीची तपासणी याच जातीची आहे. शेंगदाणा, कोळंबी, अंडें किंवा दूध पोटांत गेल्यावर थोड्याच वेळांत अंगावर गांधी उठणें, ओंठ सुजणें, ओकाऱ्या होणें, श्वास अडकणें ही खरी अ‍ॅलर्जी. तिच्या मुळाशीं आय्. जी. ई. नांवाचा प्रतिपिंड असतो. तो १९६६-६७ चे सुमारास अमेरिकेंत इशिझाका दांपत्यानें व स्वीडनमध्यें योहान्सन आणि बेनिच यांनीं स्वतंत्रपणें शोधला. त्वचेवर सूक्ष्म टोंचणी करून किंवा रक्तांत तो मोजून तपासणी करतात. नकारार्थी उत्तर बहुतांशीं विश्वसनीय असतें. होकारार्थी उत्तराचा अर्थ मात्र एवढाच कीं, शरीर त्या पदार्थाविरुद्ध सज्ज आहे. तो खाल्ल्यावर त्रास होतोच असें नव्हे. महसुली दप्तरांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास हा भेद चटकन् उमजतो. सातबाऱ्यावर ऊस लिहिला आहे म्हणून शेतांत ऊस उभा असतोच असें नाहीं. पाहणीस बांधावर जावेंच लागतें. येथील बांधावरची पाहणी म्हणजे रोग्याची हकीकत, आणि तीहि अपुरी पडल्यास डॉक्टरांच्या नजरेखालीं दवाखान्यांत तो पदार्थ अल्प प्रमाणापासून खाऊन पाहणें. हा प्रयोग घरीं कदापि करूं नये. श्वास अडकण्यापर्यंत मजल गेली, तर मांडींत अ‍ॅड्रिनॅलिनचें इंजेक्शन हाच पहिला उपाय आहे, आणि त्याकरितां ताबडतोब दवाखाना गांठावा.

शिबिरांत जी दोनशें पदार्थांची यादी देतात ती पुष्कळदां या आय्. जी. ई. ची नसतेच. ती आय्. जी. जी. नांवाच्या दुसऱ्याच प्रतिपिंडाची असते. जें अन्न आपण नेहमीं खातों, त्याविरुद्ध आय्. जी. जी. निरोगी शरीरांतहि तयार होतो. त्या अन्नाशीं शरीराची ओळख झाली, एवढाच त्याचा अर्थ. या तपासणीवरून अन्नाची अ‍ॅलर्जी किंवा असह्यता ठरवूं नये, असें युरोपच्या अ‍ॅलर्जी अकादमीनें २००८ सालीं व कॅनडाच्या तज्ज्ञमंडळानें २०१२ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. तरीहि ती विकली जाते. परिणाम काय होतो? आमच्या माहितींतील एका बागाईतदारानें सात वर्षांच्या नातवाचें पोट वारंवार दुखतें म्हणून त्याचें रक्त अशा ठिकाणीं दिलें. कागदावर दूध, गहूं, तूर, शेंगदाणे व अंडें लाल रंगांत आलें. जें मूल रोज खातें, तेंच नेमकें लाल! घरच्यांनीं तें सर्व बंद केलें. चार महिन्यांत मुलाचें वजन दोन किलोंनीं उतरलें आणि पोट दुखावयाचें तें दुखतच राहिलें. शेवटीं जिल्ह्याच्या बालरोगतज्ज्ञानें विष्ठा तपासविली, तेव्हां जंत निघाले. औषधानें दुखणें थांबलें; सर्व पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्यानें पुन्हां सुरू झाले व कांहींहि झालें नाहीं. मांसमच्छी न खाणाऱ्या घरांत डाळ, दूध व शेंगदाणे काढून घेतल्यावर वाढत्या मुलानें प्रथिनें आणावयाचीं कोठून?

शिवाय विनाकारण पथ्य नेहमींच निरुपद्रवी नसतें. अ‍ॅलर्जीचा धोका अधिक असलेल्या ६४० अर्भकांवर इंग्लंडांत झालेल्या प्रयोगाचें फळ २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांस वयाच्या पहिल्या वर्षांतच भुईमुगाचे पदार्थ योग्य रीतीनें देण्यास सुरुवात केली, त्यांच्यांत पांचव्या वर्षीं भुईमुगाची अ‍ॅलर्जी, तो टाळणाऱ्यांच्या मानानें सुमारें शेंकडा ८० नीं कमी आढळली. अख्खा दाणा मात्र लहान मुलाच्या हातीं देऊं नये, तो घशांत अडकतो.

गहूं व दूध यांविषयीं दोन शब्द. गव्हानें आंतड्यांस खरोखर इजा होणारा सीलिॲक नांवाचा विकार आहे. त्याची रक्ततपासणी गहूं खाणें चालू असतांनाच करावी लागते. आधीं पोळी बंद केली आणि मग रक्त दिलें, तर रोग असूनहि कागद स्वच्छ येतो. दुधानें पोट फुगणें व ढाळ होणें हें प्रौढांत बहुधा दुधांतील साखर पचविणारा रस कमी पडल्यामुळें होतें. ती अ‍ॅलर्जी नव्हे, आणि अशा पुष्कळांस दही व ताक चालतें.

शिबिरास आमचा सरसकट विरोध नाहीं. रक्तदाब, रक्तांतील साखर व हिमोग्लोबिन पाहावें. त्यांत आपल्या सभासदांचें, विशेषतः घरांतील स्त्रियांचें, कल्याणच आहे. परंतु अन्नाची आय्. जी. जी. यादी संघाच्या छपराखालीं विकूं देऊं नये. हॉर्मोनांची तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करूं नये. प्रयोगशाळेस एन्. ए. बी. एल्. ची मान्यता आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि कागद वांटण्याच्या दिवशीं प्रत्येकास समोर बसवून अर्थ सांगणारा डॉक्टर हजर असावा. शिबिराचा ठराव वार्षिक सभेपुढें येईल तेव्हां या अटी त्यांत घालाव्या, अशी उपसूचना आम्हीं चिटणिसांकडे लेखी दिली आहे.