कागदात न मावलेले दुखणे

आम्ही पेशाने कारकून. माणसाचे नाव, वय, धंदा, उत्पन्न रकान्यात बसविता बसविता निम्मे आयुष्य गेले. त्यामुळे रकान्यावर आमचा भरवसा जरा जास्तच!

परवा येथे धामणगावात वस्तीतल्या एका मावशींचा दवाखान्याचा कागद आम्ही भरून देत होतो. "काय दुखते, मावशी?"

"दुखत काईच नाई, भाऊ. रातभर डोक्शात इचार फिरत राह्यते. घास उतरत नाई."

आम्ही लिहिले : अशक्तपणा. रकाना एवढासाच होता, आणि खरे सांगायचे तर दुसरा शब्द आम्हाला सुचलाही नाही.

रात्री मात्र आमचीच झोप उडाली. मुंबईत जन्मलेल्या डॉ. विक्रम पटेल यांचे काम आठवले. १९९० नंतरच्या काळात ते आफ्रिकेत, झिम्बाब्वेच्या हरारे शहरात मनाच्या आजारांचा अभ्यास करीत होते. तुम्हाला काय होते, ते कशाने झाले असे वाटते, हे त्यांनी रोग्यांनाच विचारले. शोना भाषेत लोक सांगत, 'कुफुंगिसिसा'. म्हणजे अतिविचार! आमच्या मावशी दुसरे काय म्हणत होत्या? लोकांच्या अशा बोलीतूनच पुढे तिथे १४ प्रश्नांची यादी तयार झाली. किती जणांना आजार आहे हे मोजण्याआधी, तो भोगणाऱ्याला कसा वाटतो हे त्याच्याच तोंडून समजून घ्यायचे. या पद्धतीला विद्वान लोक गुणात्मक संशोधन म्हणतात. नाव जड आहे, काम ऐकण्याचे आहे.

दूर कशाला, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते घरोघरी बोलले, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी धीर दिला. २०१७ साली त्याचा अहवाल छापून आला. नैराश्य असलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्के झाले. मोठीच मजल. पण उरलेले बहात्तर-त्र्याहत्तर टक्के? त्यांच्याही कागदावर कोणी तरी 'अशक्तपणा'च लिहीत असेल.

सकाळी आम्ही मावशींकडे गेलो. तो शब्द खोडला, कोरा कागद जोडला आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरविले. पाऊण पान भरले. शिवाय सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून दिला. २०२२ पासून तो सुरू आहे, मराठीतही बोलता येते.

मावशींनी कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "थो फोनवाला माह्यं सारं आयकून घेईन काय, भाऊ? मधातच ठेवून त नाई देणार?"