कोरडी फिल्म आणि सेनगावचा रुग्ण

सेनगाव तालुक्यातील एखाद्या शेतमजुराचा हात मोडला, की उपचाराची पहिली पायरी म्हणजे एक्स-रे. तो सेनगावला काढला, हाडांचे डॉक्टर हिंगोलीला भेटले आणि शस्त्रक्रियेसाठी नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागले, तर या साऱ्या वणवणीत त्याच्या दुखण्याचा एकच पुरावा सोबत असतो : पिशवीत जपून ठेवलेली फिल्म. ही फिल्म कोण बनवतो, तिची किंमत कोण ठरवतो आणि ती रुग्णाच्या हाती पडते की नाही, हे प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे म्हणून सोडून देता येणार नाहीत.

पूर्वी एक्स-रे म्हटला की अंधारी खोली आलीच. फिल्म आधी डेव्हलपरमध्ये, मग फिक्सरमध्ये बुडवायची, धुवायची आणि वाळत टाकायची. कोंदट खोलीत त्या रसायनांची वाफ तंत्रज्ञाच्या छातीत जाई आणि चांदीचा अंश असलेले वापरलेले द्रावण पुष्कळदा गटारात जाई. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे द्रावण पिवळ्या वर्गातील घातक कचऱ्यात घातले, ते उगीच नव्हे. कोरड्या फिल्मने हा सारा व्याप संपवला. तिच्या थरात चांदीचा मेदाम्लाबरोबरचा क्षार असतो. एका पद्धतीत लेझरने प्रतिमा उमटवून फिल्म सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. दुसरीत तापलेले मुद्रणशीर्ष थेट प्रतिमा छापते. पाणी नको, रसायन नको, अंधार नको. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वानवा, तेथे या सुधारणेचे मोल कोणीही समंजस माणूस नाकारणार नाही. यंत्राला विरोध करणे हा समाजवाद्यांचा धर्म नव्हे. यंत्राचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे विचारणे हा आहे.

येथेच खरी मेख आहे. कोरड्या फिल्मचा मुद्रक बहुधा त्याच कंपनीची फिल्म स्वीकारतो. फिल्मच्या वेष्टनावरील खूण यंत्र वाचते आणि परकी फिल्म नाकारते. एकदा यंत्र घेतले की पुढील अनेक वर्षे रुग्णालय त्या एका विक्रेत्याच्या दावणीला बांधले जाते. अर्थशास्त्रात याला बांधील विक्री म्हणतात. यंत्र सवलतीत देऊन नफा फिल्मच्या प्रत्येक तावावर वसूल करता येतो. हा धंदा मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती आहे. निविदा यंत्राच्या किमतीवर ठरते. तावांचा खर्च मात्र दरसाल येत राहतो आणि त्याची तरतूद आटली की यंत्र धूळ खात पडते.

हे अटळ होते काय? या देशाने १९६० साली उटी येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सार्वजनिक उद्योग स्थापन केला. १९६७ पासून तेथे उत्पादन होऊ लागले. ‘इंदू’ या नावाने त्याच्या फिल्म बाजारात आल्या. त्यांत एक्स-रेच्या फिल्मही होत्या. नव्वदच्या दशकात तो आजारी उद्योगांत मोडला आणि पुढे बंद पडला. खुल्या आयातीचा तडाखा हे त्याचे एक कारण खरे. पण तंत्र बदलत असता संशोधनात मागे पडलेले व्यवस्थापन आणि निर्णय लांबवणारे मंत्रालय यांचा दोष झाकण्यात अर्थ नाही. सार्वजनिक क्षेत्राचा कैवार घेणाऱ्यांनी तरी हा हिशेब चोख मांडला पाहिजे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु तपासणी फुकट आणि फिल्म नाही, असे झाले तर त्या सवलतीला अर्थ उरत नाही. फिल्मऐवजी साध्या कागदावर एक्स-रे छापून देण्याचे किंवा पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून घ्या, असे सांगण्याचे प्रकार राज्यात वेळोवेळी उजेडात आले आहेत. कागदावर करड्या रंगाच्या सूक्ष्म छटा उमटत नाहीत. हाडाची बारीक चीर किंवा फुप्फुसातील क्षयाचा आरंभीचा डाग अशा वेळी नजरेतून निसटू शकतो. मग पुढच्या गावी पुन्हा एक्स-रे, पुन्हा खर्च, पुन्हा बुडालेली मजुरी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या फिल्ममधील न वापरलेली चांदी फिक्सरमध्ये धुऊन निघे. कोरड्या फिल्ममध्ये ती थरातच राहते. म्हणून उष्णतेने ती काळवंडू शकते. वैशाखात पत्र्याच्या घरात खुंटीला टांगलेल्या फिल्मची काय गत होत असेल, याची कल्पना तिचा आराखडा करणाऱ्यास वातानुकूलित खोलीत कशी यावी?

हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा उभी करण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. विज्ञानासाठीच्या या खर्चाला हरकत नाही. पण दूरच्या ताऱ्यांच्या टकरी लेझरने मोजणाऱ्या जिल्ह्यात मोडक्या हाडाची लेझर-प्रत मिळू नये, हा कसला विकास? १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजण्याची वाट दाखवली. १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली; अनुशेषाची मुदत मात्र संपलेली नाही.

यापुढे मागण्या नेमक्या असाव्यात. राज्याने फिल्मची खरेदी एकत्रित करावी आणि निविदेत यंत्राबरोबर पाच वर्षांच्या तावांची किंमतही जोखावी. एकाच कंपनीच्या फिल्मवर चालणाऱ्या यंत्रांना शक्य तेथे नकार द्यावा. सेनगाव, हिंगोली आणि नांदेडची रुग्णालये संगणकाने जोडून प्रतिमा थेट पुढे पाठवावी. पण ती जोडणी खात्रीची होईपर्यंत रुग्णाच्या हाती फिल्म पडलीच पाहिजे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावयाची आहेत, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लोकांना सांगावे आणि अर्ज लिहून द्यावेत.

क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या राँटगेन यांनी १८९५ नंतर त्या शोधाचे पेटंट घेण्याचे नाकारले. तो सर्वांचा असावा, अशी त्यांची भूमिका होती. सव्वाशे वर्षांनंतर त्या किरणांनी उमटवलेले आपल्याच हाडाचे चित्र सेनगावच्या मजुराला मागून घ्यावे लागत असेल, तर ते मागण्यासाठी त्याच्यासोबत कोणीतरी उभे राहिले पाहिजे. ते काम कार्यकर्त्यांचे आहे.