जुना डोळा, नवे कर्ज

१ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांच्या पावसाळी बंदीत कोकणातील यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात. हा काळ डागडुजीचा, जाळी दुरुस्त करण्याचा, आणि जुन्या यंत्रांच्या खरेदीविक्रीचाही. मोठ्या नौकेचा मालक अधिक शक्तिमान यंत्र बसवतो आणि आपला खोल पाण्याचा जुना इको साउंडर विकायला काढतो. छोट्या नौकेचा नाखवा तो निम्म्याहून कमी किमतीत घेतो आणि आपल्यालाही आता समुद्राच्या पोटातले दिसेल, या आशेने घरी परततो.

या व्यवहाराकडे पाहून अनेकांना समाधान वाटते. काल जे यंत्र धनिकाच्या नौकेवर होते ते आज गरिबाच्या होडीवर आले, तंत्रज्ञान झिरपत झिरपत तळाशी पोचले, यापेक्षा अधिक काय हवे? समृद्धी वरून खाली आपोआप उतरते असे मानणाऱ्या अर्थपंडितांना तर हा आपल्या सिद्धांताचा जिवंत पुरावाच वाटावा. वस्तुतः या व्यवहारात खाली उतरते ती समृद्धी नव्हे. खाली उतरतो तो एका शर्यतीचा खर्च. ज्याने ती शर्यत सुरू केली तो पुढे निघून गेलेला असतो, आणि जो नाइलाजाने तीत ओढला गेला त्याच्या माथी तिचे बिल मारले जाते.

काय विकले जाते?

प्रथम वस्तू नीट समजून घेतली पाहिजे. इको साउंडर नौकेच्या तळाशी बसवलेल्या ध्वनिग्राहकातून पाण्यात ध्वनीचा स्पंद सोडतो आणि तळाला किंवा माशांच्या थव्याला आपटून परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी यायला दोन सेकंद लागले तर तळ दीड हजार मीटरवर आहे असे समजावे. पूर्वी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून तांडेल वाव मोजत असे, ते काम आता यंत्र क्षणार्धात करते.

परंतु सर्व यंत्रे सारखी नसतात. खोल पाण्यासाठी कमी कंपनसंख्येचा, साधारणतः सेकंदाला ५०,००० कंपनांचा ध्वनी वापरतात, कारण तो दूरवर पोचतो. त्याचा झोत रुंद असतो आणि त्याने उमटणारे चित्र ढोबळ असते. उथळ पाण्यात बारकावे दिसायला २,००,००० कंपनांचा ध्वनी लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांत, पाणी बहुतेक ठिकाणी पन्नास मीटरांच्या आतले आहे, आणि छोट्या नौकेचे सारे आयुष्य याच पट्ट्यात जाते. शेकडो मीटर खोल पाहण्यासाठी बनवलेल्या यंत्राचा तिला उपयोग किती? शिवाय कोळंबीला माशासारखी हवेची पिशवी नसल्याने तिचा प्रतिध्वनी क्षीण येतो, आणि तळाला चिकटून राहणारी मासळी तळाच्याच रेषेत लपते. म्हणजे ज्या मासळीवर छोट्या नाखव्याचे पोट अवलंबून, तिच्यापैकी बरीचशी या यंत्राला धड दिसत नाही.

आता विक्रीची रीत पाहा. यंत्र चालवून दाखवले जाते ते धक्क्याला बांधलेल्या नौकेवर, दोनचार वाव पाण्यात. पडदा उजळतो, आकडा उमटतो आणि सौदा होतो. पाचशे मीटरांवरून येणारा प्रतिध्वनी हे यंत्र अजून टिपू शकते की नाही, याची परीक्षा त्या पाण्यात होणे अशक्यच आहे. यंत्राचा प्राण म्हणजे ध्वनिग्राहक, आणि तो नौकेच्या बुडाला, नजरेआड. त्याला चीर गेली आहे का, शिंपल्यांच्या थराखाली तो निकामी झाला आहे का, हे नौका वर ओढल्यावाचून कळत नाही. पुष्कळदा तर पडदा एका नौकेचा आणि ध्वनिग्राहक दुसऱ्याच नौकेचा, असा जोड गळ्यात मारला जातो.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की जेथे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेथे चांगली वस्तू बाजारातून मागे हटते आणि वाईट तेवढी उरते. या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मोटार निदान रस्त्यावर फिरवून पाहता येते. धक्क्यावर विकल्या जाणाऱ्या खोल पाण्याच्या यंत्राच्या बाबतीत तीही सोय नाही. १९३० चा मालविक्री कायदा मुळात घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत, या तत्त्वावर उभा आहे. ज्याला डोळाच विकत घ्यायचा आहे, त्याला डोळे उघडे ठेवायला सांगणारा हा न्याय क्रूर म्हणावा की हास्यास्पद?

सर्वांजवळ आले म्हणजे काय होते?

क्षणभर असे धरून चालू की यंत्र निर्दोष आहे आणि नाखवा प्रामाणिक विक्रेत्याच्या हाती पडला आहे. तरीही प्रश्न सुटत नाही. इको साउंडर मासा उत्पन्न करीत नाही, तो मासा इतरांच्या आधी शोधून देतो. त्याची किंमत दुसऱ्याजवळ तो नसण्यात आहे. पहिल्या दहा नौकांना त्याने नफा दिला. शंभर नौकांवर तो आल्यावर मासळी तेवढीच राहिली आणि ती पकडण्याचा खर्च मात्र शंभर यंत्रांनी वाढला. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ सालीच हे मांडले होते, की खुल्या समुद्रात शिरणारी वाढीव साधने अखेरीस सारा अधिशेष गिळून टाकतात. मालक मोठा असेल तर तो शर्यतीत एक पाऊल पुढे जातो. तो चौफेर पाहणारे सोनार घेतो आणि जुना इको साउंडर मागच्याला विकतो. मागच्याने तो न घ्यावा तर तो आंधळा ठरतो, आणि घ्यावा तर कर्जबाजारी.

हे कर्ज बँकेचे असतेच असे नाही. जुन्या, बिनपावतीच्या यंत्रावर बँक उभी राहत नाही, तेव्हा व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की मासळीचा भाव ठरवण्याचा हक्क तिच्याबरोबर गहाण पडतो. खर्च वजा जाता उरलेल्याचे वाटे पडतात त्या नौकांवर हा हप्ता खलाशाच्या वाट्यातूनही जातो. यंत्र विकत घेण्याच्या निर्णयात ज्याला कोणी विचारले नव्हते, त्याच्या ताटातला घास कमी होतो. यंत्र आकाराने लहान असले म्हणजे ते लहान माणसाचे होते, या भ्रमातून समाजवाद्यांनीही आता बाहेर पडले पाहिजे.

न्यूफाउंडलंडची साक्ष

या शर्यतीचा शेवट कोठे होतो हे जगाने पाहिले आहे. प्रतिध्वनीच्या साहाय्याने कॉड माशाचे थवे नोंदता येतात, हे नॉर्वेच्या ऑस्कर सुन्ड यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. संशोधन जनतेच्या पैशाने झाले होते. फायदा उठवला तो दूरच्या समुद्रात जाणाऱ्या महाकाय ट्रॉलरांनी. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात लहान मच्छीमार ओरडून सांगत होते, की मासळी कमी आणि लहान येऊ लागली आहे. परंतु ट्रॉलर यंत्राच्या आधारे उरलेसुरले दाट थवे अचूक गाठत होते, आणि त्यांच्या भरलेल्या जाळ्यांवरून समुद्र भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञ काढत राहिले. २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांवर माणसांची रोजी गेली. अखेरचा थवा सापडेपर्यंत यंत्र विपुलतेचाच देखावा दाखवते, हा त्या शोकांतिकेचा धडा आहे.

भारताला हा धडा परका नाही. १९५२ च्या करारान्वये केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आला तो सामान्य मच्छीमाराच्या उद्धारासाठी. यांत्रिक नौका आणि कोळंबीची निर्यात यांचा लाभ अखेरीस कोणाला झाला, याचे परखड विवेचन जॉन कुरियन यांनी १९८५ मध्ये केले आहे. गोव्यातील रापणकारांना सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरावे लागले. त्यानंतर तेथे १९८० मध्ये, तर महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. महाराष्ट्रात २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आले आणि २०२१ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम लाखांत गेली. हे सारे स्वागतार्हच. तथापि या कायद्यांचा भर क्षेत्र, जाळे आणि काळ यांवर आहे. नौकेची शोधक शक्ती किती वाढली, हा प्रश्न बाजूलाच राहतो. नौकांची संख्या तीच ठेवून त्यांची मारक शक्ती दुप्पट करता येते, आणि तरीही कागदोपत्री काहीच बदललेले नसते.

विरोध यंत्राला नाही

यावर ठरलेला आक्षेप येईल, की हे प्रगतीला विरोध करणारे बोलणे आहे. तो आक्षेप खोटा आहे. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर धुक्यात वा अंधारात खोली सांगणारे यंत्र खलाशाचा जीव वाचवते. असे साधे, उथळ पाण्याचे यंत्र प्रत्येक नौकेवर असलेच पाहिजे आणि त्याला सरकारने साहाय्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो शोधक यंत्राच्या मालकीचा आणि त्यावरील नियंत्रणाचा. समुद्राचे ज्ञान सार्वजनिक असू शकते याचा पुरावा याच देशात आहे. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना मच्छीमारांना विनामूल्य देते. जे आकाशातून पाहण्याच्या बाबतीत शक्य झाले, ते पाण्यातून पाहण्याच्या बाबतीत अशक्य का मानावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. जुन्या यंत्राची विक्री मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत व्हावी. यंत्र ज्या खोलीसाठी विकले जात आहे त्या खोलीवर नेऊन तपासावे, ध्वनिग्राहक पाहावा, आणि निष्कर्ष लेखी द्यावा. खोल पाण्याचे यंत्र व्यक्तीने न घेता संस्थेने घ्यावे, आणि त्याने दिसलेली माहिती सर्व सभासदांची असावी. मोठा मालक जेव्हा जुने यंत्र काढून अधिक शक्तिमान यंत्र बसवतो, तेव्हा त्याची नोंद परवान्यावर व्हावी आणि वाढलेल्या शक्तीच्या प्रमाणात त्याच्या मासेमारीला मर्यादा पडावी. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम जाहीर केले आणि त्यांत सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे वचन दिले. हे प्राधान्य खरे असेल, तर खोल समुद्र पाहण्याचे साधनही त्या संस्थांच्याच हाती आले पाहिजे. अन्यथा नाव सहकाराचे आणि नजर भांडवलदाराची, हा जुनाच खेळ नव्या नियमांखाली चालू राहील.

सहकारी संस्थांनीही आपल्या अंगावरची धूळ झटकली पाहिजे. डिझेलच्या कराचा परतावा आणि बर्फाचा पुरवठा एवढ्यातच ज्यांचा सहकार संपतो, त्यांना समुद्रावर हक्क सांगता येणार नाही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होईल, नौका पुन्हा पाण्यात उतरतील. त्यांतील कित्येकींच्या बुडाला दुसऱ्याने टाकून दिलेला डोळा असेल आणि नाखव्याच्या खिशात व्यापाऱ्याची चिठ्ठी. त्या डोळ्याला पाण्यातला मासा दिसेल किंवा दिसणार नाही. त्या चिठ्ठीला मात्र नाखव्याचे घर अचूक दिसते.