डॉक्टर, ही बाटली नवी आहे ना?

आयसेलिनमध्ये ओक ट्री रोडच्या आसपास आपल्याकडचे डॉक्टर सापडतात, ही मोठी सोय. भारतातून आलेल्या आईचे गुडघे दुखायला लागले की आपण तिला तिथेच नेतो. पण आपल्याच माणसाला प्रश्न कसा विचारायचा, म्हणून गप्प बसतो. हा संकोच मला धोक्याचा वाटतो.

२०१७ साली आपल्याच न्यू जर्सीत, एका खासगी दवाखान्यात सांध्यात इंजेक्शन घेतलेल्या ४१ जणांच्या सांध्यांना जंतुसंसर्ग झाला. त्यांपैकी ३३ जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) बऱ्याच जणांच्या सांध्यात जे जीवाणू सापडले, ते एरवी आपल्या तोंडात निमूटपणे राहणारे. सांध्यात मात्र ते शिरले की त्यांच्याशी लढताना शरीर स्वतःचीच कूर्चा झिजवतं, आणि कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने ती सहजासहजी भरून येत नाही.

तपासात निघालेल्या चुका अगदी साध्या होत्या: हातांची स्वच्छता नीट नाही, इंजेक्शन भरण्याची पद्धत चुकीची, एकच मोठी बाटली अनेक रुग्णांसाठी. आपण सगळे सुई नवी आहे का एवढंच बघतो. सुई नवी असली, तरी बाटली दूषित असू शकते.

मागच्या वेळी मी धीर करून विचारलं, "काका, ही बाटली आईसाठीच उघडली ना?" डॉक्टरकाका रागावले नाहीत. त्यांनी सीलबंद बाटली माझ्यासमोर उघडली. त्याआधी हात धुतले, तेही न सांगता.